प्रदर्शनासाठी झटपट रेल्वे लेआउट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचे प्रदर्शन, छंदमेळा, गणपतीचा देखावा, सोसायटीचा कार्यक्रम. जागा दोन-तीन दिवसांसाठी मिळते, आदल्या रात्री हॉलची किल्ली हातात येते आणि शेवटच्या दिवशी रात्री सगळे उचलावे लागते. अशा कामासाठी उभारायच्या मॉडेल रेल्वेबद्दलचे हे प्रश्न आहेत. उदाहरणासाठी एकच आराखडा धरला आहे : ८ फूट बाय ४ फूट, एचओ स्केल (खऱ्याच्या ८७वा भाग), एकात एक दोन लंबगोल मार्ग आणि कोकण रेल्वेच्या एका छोट्या स्थानकाचा देखावा. खालची सगळी मापे त्याच आराखड्याची आहेत.

किती दिवस आधी सुरुवात करावी?

दोन माणसे रोज संध्याकाळी तीन तास देणार असतील तर दहा दिवस पुरतात. पहिला दिवस प्लाय कापून आणण्याचा, दुसरा-तिसरा चौकटी आणि जोड यांचा, चौथा-पाचवा रूळ आणि तारांचा. सहाव्या दिवशी फक्त गाडी चालवायची, सलग चार तास, आणि जिथे घसरेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. सातवा आणि आठवा देखाव्याला. नवव्या दिवशी सगळे सोडवून दुसऱ्या खोलीत नेऊन पुन्हा जोडायचे. बहुतेक जण हाच दिवस वाचवायला बघतात आणि मग तीच चाचणी प्रदर्शनाच्या सकाळी प्रेक्षकांसमोर होते. दहावा दिवस राखीव ठेवा, तो लागतोच.

डोंगर आणि झाडे आधी करण्याचा मोह होतो, कारण त्यात मजा आहे. पण डोंगर अर्धवट राहिला तर प्रेक्षक दोन मिनिटांनी विसरतात. गाडी बंद पडली तर तेवढेच घरी जाऊन सांगतात.

कोणता स्केल घ्यावा?

एचओ, म्हणजे १:८७, रुळांमधले अंतर १६.५ मि.मी. यापेक्षा लहान एन स्केल (१:१६०, ९ मि.मी.) निम्म्या जागेत मावतो, पण हॉलमधल्या धुळीला तो फार नाजूक. चाके लहान, वजन कमी, केसाचा गुंता अडकला तरी गाडी थांबते. शिवाय मागच्या रांगेतल्या माणसाला काही दिसत नाही.

भारतीय ब्रॉडगेज १६.५ मि.मी. वर बरोबर दिसते का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ मि.मी. आहे, तिला ८७ने भागले तर १९.३ मि.मी. येतात. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांवर भारतीय डबा पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभा असतो. समोरून पाहिले की जाणवते, बाजूने नाही. दोन दिवसांच्या लेआउटसाठी स्वतःचे १९.३ मि.मी. रूळ आणि चाके बनवण्यात अर्थ नाही. कोणी जाणकार विचारलेच तर खरे सांगावे.

नॅरोगेजमध्ये हिशोब वेगळा होतो. पूर्वीच्या बार्शी लाइट किंवा यवतमाळच्या शकुंतलेसारखी ७६२ मि.मी. ची लाइन १:८७ला ८.८ मि.मी. येते, म्हणजे एन स्केलचे ९ मि.मी. रूळ जवळपास अचूक बसतात. माथेरानची लाइन ६१० मि.मी. ची, तिला ७ मि.मी. हवेत.

एकच मोठी फळी घेतली तर जोडांची कटकट वाचेल ना?

वाचेल, आणि ती फळी जिन्यातच अडकेल. ८ बाय ४ चे दोन चौरस करा, प्रत्येकी ४ बाय ४ फूट. उभे धरले तर साध्या दारातून जातात आणि छोट्या हत्तीत दोन्ही मावतात. ४ बाय २ चे चार तुकडे केले तर मोटारीतही जातील, पण मग एका जोडाऐवजी तीन जोड होतात. प्रत्येक जोडावरून दोन्ही मार्ग दोनदा जातात, म्हणजे आठ रूळ. तीन जोड म्हणजे चोवीस ठिकाणी रूळ जुळवणे. टेम्पोचे भाडे त्यापेक्षा स्वस्त पडते.

फळ्या कशा बनवायच्या?

वरचा पृष्ठभाग ९ मि.मी. प्लायचा, खाली १८ मि.मी. प्लायच्या ७५ मि.मी. रुंद पट्ट्यांची चौकट. कडेच्या चार पट्ट्या आणि मधे दोन आडव्या. एका चौरसाला सुमारे सव्वासात मीटर पट्टी लागते. दोन्हींसाठी १८ मि.मी. च्या पूर्ण शीटमधून २४४० मि.मी. लांबीच्या सहा पट्ट्या निघाल्या की काम झाले. प्लायवाल्याकडूनच मशीनवर कापून घ्या. हातकरवतीने कापलेली कड सरळ येत नाही आणि जोडाच्या ठिकाणी नेमकी तीच कड लागते. फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरा, रात्रभर शिकंज्यात ठेवा. एक चौरस साधारण १५ किलोचा होतो, दोघांनी उचलण्याजोगा.

नुसत्या ६ मि.मी. प्लायवर चौकटीशिवाय काम करू नका. पावसाळी हवेत तो एका आठवड्यात पत्रावळीसारखा वळतो.

दोन फळ्या दरवेळी तंतोतंत कशा जुळतील?

नुसत्या बोल्टने जुळत नाहीत, कारण बोल्टाचे भोक बोल्टापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर मोठे असते. ओढून धरणे आणि जागेवर बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ओढायला ८ मि.मी. चे दोन बोल्ट, मोठे वॉशर आणि विंग नट. जागेवर बसवायला दोन ७५ मि.मी. बिजागऱ्या : फळ्या सपाट फरशीवर एकमेकींना घट्ट आवळून ठेवा, जोडाच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने बिजागरीचे एक पान इकडे आणि दुसरे तिकडे स्क्रूने बसवा, मग बिजागरीची पिन ठोकून काढा आणि तिच्या जागी तेवढ्याच जाडीचा वाकवलेला खिळा घाला. खिळा घातला की फळ्या जुळतात, काढला की सुटतात. बिजागरी नवी आणि न हलणारी घ्या, ढिली असेल तर उपयोग नाही.

रूळ किती लागतील?

४५ अंशाच्या वळणांचे तयार सेट-ट्रॅक धरले आहेत. आतल्या मार्गाची त्रिज्या ४३८ मि.मी., बाहेरच्याची ५०५ मि.मी. प्रत्येक मार्गाला आठ वळणे, म्हणजे आठ अधिक आठ. सरळ भागासाठी प्रत्येक बाजूला ३३५ मि.मी. चे तीन आणि १६८ मि.मी. चा एक तुकडा, मिळून ११७३ मि.मी. दोन मार्गांच्या चार बाजू धरल्या तर ३३५ चे बारा आणि १६८ चे चार. वर दोन-दोन तुकडे जास्तीचे घ्या.

सरळ भागातला क्रम ३३५, १६८, ३३५, ३३५ असा ठेवा. लंबगोल फळ्यांच्या मधोमध बसवला तर फळ्यांचा जोड तिसऱ्या तुकड्याच्या टोकापासून ८३ मि.मी. आत येतो. जोड रेल-जॉइनरच्या (रुळांच्या दोन तुकड्यांची टोके जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्टीच्या) जवळ येता कामा नये, म्हणून ही खटपट. या आराखड्यात फळीच्या लांबीकडे दोन्ही टोकांना सुमारे १० सें.मी. आणि रुंदीकडे साडेसात सें.मी. मोकळी जागा उरते, डब्यांची टोके बाहेर झुकतात ते धरून. गाडी पडली तर जमिनीवर नव्हे, फळीवर पडेल एवढी ती हवीच.

दोन मार्गांमध्ये ६७ मि.मी. अंतर का? ५० मि.मी. चालणार नाही?

भारतीय डबे लांब आहेत. एलएचबी डबा (एक्स्प्रेस गाड्यांचा नव्या प्रकारचा डबा) एचओमध्ये सुमारे २७० मि.मी. लांब, ३७ मि.मी. रुंद आणि त्याच्या दोन बोगींच्या (डब्याखाली फिरणाऱ्या चाकांच्या चौकटींच्या) मध्यांतले अंतर १७१ मि.मी. येते. वळणावर डब्याचा मध्य आत झुकतो आणि टोके बाहेर जातात. ५०५ च्या मार्गावरच्या डब्याचा मध्य ७ मि.मी. आत येतो. ४३८ च्या मार्गावरच्या डब्याचे टोक साडेबारा मि.मी. बाहेर जाते. दोन्ही डब्यांची निम्मी-निम्मी रुंदी मिळून ३७. बेरीज ५७. म्हणजे ५० मि.मी. अंतरावर दोन गाड्या वळणावर एकमेकींना घासणारच, ६७ ला मधे १० मि.मी. फट राहते. सरळ भागात ५० चालेल, पण मग दोन प्रकारची मापे होतात आणि घाईच्या कामात तिथेच चूक होते.

डबे विकत घेताना खोक्यावर लिहिलेली किमान त्रिज्या पाहा. काही लांब डब्यांना ४३८ तर सोडाच, ५०५ ही कमी पडते. लांब डब्यांची गाडी बाहेरच्या मार्गावर आणि आखूड वाघिणींची मालगाडी आतल्या मार्गावर, असेच वाटप करा.

सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, किती ठेवावेत?

शून्य. फार झाले तर आतल्या मार्गावर एक, बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी, आणि तोही फळ्यांच्या जोडापासून किमान १५ सें.मी. लांब. प्रत्येक सांधा म्हणजे हलणारी पाती, अरुंद फट आणि वीज तुटण्याची जागा. दोन मार्ग एकमेकांना जोडायचेच नाहीत असे ठरवले की विजेची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

एक मार्ग दुसऱ्यावरून पुलाने नेला तर छान दिसेल.

दिसेल, पण जागेचा हिशोब करून पाहा. खालची गाडी जायला पुलाची जाडी धरून ८० मि.मी. उंची हवी. भोर घाटात खरी गाडी १:३७ चढते, तीही मागे बँकर इंजिने लावून. तोच चढ घेतला तर ८० मि.मी. साठी २.९६ मीटर चढ आणि तितकाच उतार, मिळून सहा मीटर. बाहेरचा अख्खा मार्गच साडेपाच मीटरचा आहे.

पूल हवाच असेल तर रूळ सपाट ठेवा आणि पुलाखालची जमीन खाली न्या : पुढच्या कडेला प्लायमध्ये खाच कापून वहाळ दाखवा. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचे स्वप्न मात्र सोडा. तो ६४ मीटर उंच आहे, म्हणजे १:८७ला ७४ सें.मी., टेबलाइतका!

फळ्यांच्या जोडावर रूळ कसे बसवायचे?

सगळ्या लेआउटमधले सर्वांत महत्त्वाचे काम हेच. दहातल्या आठ घसरणी इथे होतात. क्रम चुकवू नका.

आधी दोन्ही फळ्या बोल्ट आणि बिजागऱ्यांनी पक्क्या जोडा. जोडाच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून ९ मि.मी. वर, प्रत्येक रुळाखाली येईल असा एकेक पितळी लाकूड-स्क्रू लावा : ६ नंबर, २५ मि.मी. आठ रूळ, दोन बाजू, म्हणजे सोळा स्क्रू. कडेपासून ९ मि.मी. यासाठी, की खाली १८ मि.मी. च्या पट्टीचा मध्य येतो आणि स्क्रू तिच्यात घट्ट बसतो. स्क्रू पितळीच हवेत. झिंकचे मुलामे दिलेले लोखंडी स्क्रू सोल्डर नीट धरत नाहीत.

आता ३३५ चा अखंड तुकडा जोडावरून आरपार ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजूंचे दोन-तीन प्लास्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) कापून काढा, नाहीतर ते वितळतील. स्क्रू आत-बाहेर फिरवून त्याचा माथा रुळाच्या तळाला जेमतेम टेकेल असा करा. माथा वर राहिला तर रूळ उचलला जातो आणि तिथे कायमचा उंचवटा होतो. माथा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, फ्लक्स लावा (आम्लाचा नको, रूळ पुढे हिरवे पडतात) आणि ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने रूळ स्क्रूवर सोल्डर करा. २५ वॅटचे आयर्न इथे पुरत नाही, सगळी उष्णता पितळ खाऊन टाकते.

सोळाही ठिकाणे थंड झाली की मगच बारीक कटिंग डिस्कने, बरोबर जोडाच्या रेषेवर, आठही रूळ कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर कधीच जुळत नाहीत. अखंड रूळ कापला तर दोन्ही टोके जन्मजात एका रेषेत असतात. फट अर्धा ते एक मि.मी. असू द्या. कापलेल्या टोकांच्या आतल्या आणि वरच्या धारा बारीक कानशीने किंचित मोडा.

वाहतुकीत ही उघडी टोके सर्वांत आधी वाकतात. जोडाच्या कडेला प्लायची एक पट्टी बोल्टांच्याच भोकांत लावून टोके झाकून न्या.

बाकीचे रूळ चिकटवायचे की खिळ्यांनी बसवायचे?

बारीक ट्रॅक-पिनांनी, प्रत्येक तुकड्याला दोन. पिनेचा माथा स्लीपरला टेकताक्षणी थांबा. आणखी एक ठोका दिला की स्लीपर मधून वाकतो, रूळ आत झुकतात आणि १६.५ चे १६ होतात. मग गाडी तिथेच दर फेरीला उसळी मारते आणि कारण सापडत नाही.

खडी पातळ फेविकॉलने चिकटवायची पद्धत कायमच्या लेआउटसाठी आहे. सुकायला पूर्ण दिवस, जुलै-ऑगस्टमध्ये दोन, आणि नंतर रूळ सोडवताना निम्मे तुटतात. तात्पुरत्या कामात रुळांखाली खडीच्या रंगाचा जाड कागद किंवा करड्या फोमची ५ मि.मी. पट्टी घाला. दोन फुटांवरून पुरेसे खरे दिसते, आवाजही कमी होतो.

साधा डीसी कंट्रोलर की डिजिटल?

दोन स्वतंत्र मार्ग, प्रत्येकावर एकच गाडी : इथे साधा १२ व्होल्ट डीसीच योग्य. प्रत्येक मार्गाला वेगळा कंट्रोलर, १ अँपिअरचा. डिजिटल पद्धतीत दोन्ही मार्ग एकाच बूस्टरवर (रुळांना वीज देणाऱ्या यंत्रावर) असले आणि एक गाडी घसरून शॉर्ट झाली की दुसरीही उभी राहते. प्रदर्शनात नेमके हेच नको. डिजिटल इंजिनेच असतील तर दोन मार्गांना वेगवेगळी शॉर्ट-संरक्षणाची सर्किटे द्या. मग एक नाणे घेऊन दर अर्ध्या मीटरवर दोन रुळांवर आडवे दाबा. प्रत्येक ठिकाणी वीज तत्काळ तुटली पाहिजे. एखाद्या जागी तुटली नाही तर तिथे तार कमी पडते आहे आणि उद्या खऱ्या शॉर्टला तिथले प्लास्टिक वितळेल.

तारा किती आणि कुठे?

रेल-जॉइनरवर विजेसाठी विसंबू नका. ते चाकांना वाट दाखवायला आहेत. पहिल्या दिवशी वीज नेतात, तिसऱ्या दिवशी नेत नाहीत. प्रत्येक फळीवर, प्रत्येक मार्गाला, पुढच्या आणि मागच्या सरळ भागात एकेक जोडी तार द्या. दोन फळ्या, दोन मार्ग, दोन जागा, म्हणजे आठ जोड्या, सोळा तारा. खालून जाणारी मुख्य तार १ चौ. मि.मी. ची, रुळापर्यंतची आखूड तार ०.५ ची. बाहेरच्या मार्गाला लाल-काळा, आतल्याला पिवळा-निळा आणि हे रंग शेवटपर्यंत मोडायचे नाहीत.

फळ्यांच्या मधे उलटा न बसणारा कनेक्टर हवा, एक्सटी६० चालतो. घरगुती दोन किंवा तीन पिनांचा प्लग रुळांच्या तारेला कधीही लावू नका. रात्री अकराला कोणीतरी मदतीच्या भावनेने तो भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालतो.

तपासणीला मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या. कंट्रोलरची खुंटी शेवटपर्यंत फिरवून बल्ब कंट्रोलरजवळ रुळांवर टेकवा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. मग बल्ब सर्वांत लांबच्या कोपऱ्यात टेकवून तिथे मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर वाटेतला एखादा सोल्डर कोरडा आहे.

हॉलमधल्या मुख्य विजेचे काय?

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेला एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या. २३० व्होल्टचे सगळे अडॅप्टर एका बंद खोक्यात, टेबलाखाली, प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूला. फळीवर १२ व्होल्टपेक्षा जास्त काही येऊ देऊ नका. दिव्यांच्या एलईडी पट्टीला वेगळा अडॅप्टर, कंट्रोलरमधून घेऊ नका.

देखाव्यासाठी कोकण रेल्वेच का?

सोय म्हणून. कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये झाले. त्याआधीचा काळ घेतला तर डिझेल इंजिने चालतात आणि वरच्या तारा लावाव्या लागत नाहीत. तात्पुरत्या लेआउटवर ओव्हरहेड तारा लावणे म्हणजे दर वेळी रूळ पुसताना त्या मोडणे. भोर घाट घेतला तर तारा लागतातच आणि नुसते खांब उभे केले की घाटातले रेल्वेप्रेमी हसतात.

दुसरे कारण : कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे. पुढच्या बाजूचे दोन समांतर मार्ग म्हणजे स्थानकातली मुख्य आणि लूप लाइन (दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठीचा बाजूचा मार्ग), मागच्या बाजूचे दोन्ही डोंगराआड लपवले की मांडणी पटते. तिसरे : रो-रो. ट्रक लादलेल्या वाघिणींची ही गाडी १९९९ पासून चालते, मॉडेलमध्ये करायला सोपी, आखूड वाघिणींमुळे ४३८ च्या वळणावर निर्धास्त. फक्त खेळण्यांच्या दुकानातले १:६४ चे ट्रक लादू नका, ते वाघिणीवर हत्तीसारखे दिसतात.

डोंगर कशाचा? थर्माकोल चालेल?

सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. इन्सुलेशनचे निळे-गुलाबी एक्सपीएस बोर्ड वेगळी वस्तू असली तरी आयोजकांच्या नजरेत तेही थर्माकोलच, आणि पेटते तेही तसेच. स्प्रे रंग आणि रबरी गोंदाने दोन्ही विरघळतात.

खोक्यांचा पुठ्ठा घ्या. सह्याद्री बसाल्टच्या आडव्या थरांचा आहे : कडा, मग पायरी, मग कडा, वर बहुतेक वेळा सपाट माथा. पुठ्ठ्याचे आडवे तुकडे एकावर एक, थोडे मागे सरकवत चिकटवले की हाच आकार आपोआप येतो. टोकदार शिखर काढलेत की डोंगर स्वित्झर्लंडला गेला. स्थानकाजवळच्या खिंडीला जांभ्याचा तांबडा-तपकिरी रंग द्या, भिंती सरळ उभ्या ठेवा. वरून कागदाच्या लगद्याचा पातळ थर, रात्रभर पंख्याखाली.

डोंगर फळीला चिकटवू नका. दोन भाग करा, एकेका फळीचा एकेक, वरून उचलता येणारे. दोघांमधली भेग झुडपांनी झाका.

दिवाळीच्या किल्ल्याचे सामान वापरता येईल का?

गोणपाट, हो. पातळ प्लास्टरमध्ये बुडवून टाकलेले गोणपाट जमीन म्हणून उत्तम. रंगवलेला लाकडाचा भुसा गवतासाठी उत्तम. अळीव आणि मोहरी पेरू नका, ओल रुळांना आणि प्लायला नको. आणि रांगोळी मुळीच नको. ती दगडाची पूड आहे. एकदा इंजिनाच्या वंगणात गेली की गिअरचे दाते कानशीसारखे घासते. फळीवर नाही आणि टेबलासमोरच्या फरशीवरही नाही, कारण चालणाऱ्यांच्या पायांनी ती उडते. आयोजक स्वागताची रांगोळी काढणारच असतील तर दाराशी काढायला सांगा.

उंचीचे भान ठेवा : १:८७ला माणूस १९ मि.मी., घराचे दार २४ मि.मी., पण माड १७ ते २३ सें.मी. माड सगळे जण बोटभर करतात आणि मग ते केळीसारखे दिसतात.

बोगद्याचे तोंड केवढे?

सरळ भागात रुंदी ६० मि.मी. पुरते, वळणावर ७०, उंची रुळाच्या माथ्यापासून ७५. वळणावर रुळाचा मध्य हा तोंडाचा मध्य नसतो. बाहेरच्या बाजूला दोन-तीन मि.मी. जास्त सोडा. खात्रीसाठी सर्वांत लांब डब्याच्या मध्याला आणि दोन्ही टोकांना पेन्सिलीचे तुकडे चिकटवून तो हाताने ढकलत न्या. पेन्सिली जी रेघ काढतील तिच्या बाहेर ५ मि.मी.

डोंगराची मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा. बोगद्यात घसरलेली गाडी हाताने काढता आली पाहिजे, डोंगर न उचलता.

गाडीला किती डबे लावावेत?

तीन. इंजिन आणि तीन डबे मिळून सुमारे १०७ सें.मी., डोंगराआडचा सरळ भाग ११७ सें.मी. अख्खी गाडी नाहीशी होते आणि मुले दुसऱ्या तोंडाशी जाऊन वाट पाहतात. पाच डबे लावले तर इंजिन एकीकडून बाहेर आले तरी शेवटचा डबा दुसरीकडून आत जायचाच असतो, आणि लेआउट किती लहान आहे ते उघडे पडते.

वजन तपासा. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचे, एनएमआरएचे, एचओसाठीचे सूत्र म्हणजे २८ ग्रॅम अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. २७० मि.मी. च्या डब्याला साधारण १८० ग्रॅम. हलका असेल तर आत, तळाशी, नटबोल्ट चिकटवा. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर कॅलिपरने मोजा, १४.४ ते १४.५ मि.मी. हवे.

गाडी किती वेगात चालवावी?

घड्याळ लावून ठरवा. ताशी ६० कि.मी. म्हणजे १:८७ला सेकंदाला १९ सें.मी. बाहेरचा मार्ग ५.५२ मीटर आहे, एक फेरी २९ सेकंदांत. रो-रोसाठी ताशी ५० धरा, आतला ५.१ मीटरचा मार्ग ३२ सेकंदांत. नवखा चालक नेहमी याच्या दुप्पट वेगाने पळवतो. कंट्रोलरच्या खुंटीवर खडूने खूण करून ठेवा.

आठ तास अशी चालली तर एक गाडी दिवसाला प्रत्यक्ष साडेपाच किलोमीटर धावते, एवढ्याशा मोटरने. म्हणून प्रत्येक मार्गाला दोन इंजिने, पाऊण तासाने आलटून पालटून.

गाडी अडखळत चालते, काय बघावे?

आधी रूळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, दर दोन तासांनी. पॉलिश पेपरने घासू नका. ओरखड्यांत मळ अधिक वेगाने बसतो. मग इंजिनाची चाके : अल्कोहोल लावलेला कागद रुळांवर आडवा ठेवा, इंजिनाची अर्धी चाके कागदावर आणि अर्धी रुळांवर, आणि हाताने धरून चाके फिरू द्या. मग उलटे वळवून उरलेली. शेजारच्या स्टॉलवर धूप किंवा धुराचे यंत्र असेल तर रुळांवर चिकट थर बसतो; तेव्हा दर तासाला पुसा किंवा जागा बदलून मागा.

एकाच जागी घसरते, पण एकच डबा.

तर दोष डब्यात आहे : चाकांचे अंतर, न फिरणारी बोगी, किंवा वळणावर डब्याला ओढून बाहेर काढणारे कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारा आकडा). कपलिंग बोगीऐवजी डब्याच्या अंगाला जोडलेले असेल तर कमी त्रिज्येवर हे होतेच. एकाच जागी सगळे डबे घसरत असतील तर दोष रुळात.

हॉलमधली टेबले वरखाली असतात.

असतातच. पुठ्ठ्याचे आणि प्लायचे तुकडे न्या, जोडाखाली पाचर मारा, पाणसळ लावा. आधी टेबले समतल, मग फळ्या, मग बोल्ट. उलट क्रमाने केले तर जोड पिळतो.

मुलांचे हात कसे आवरायचे?

कडेला १५ सें.मी. उंच पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी आणि समोर ६० सें.मी. वर दोरी. पण हात लावायला काहीतरी द्यावेच : दाबले की फाटकाचे दिवे लुकलुकतील असे एक बटण पुढच्या कडेला लावा. गाडी सुरू-बंद करणारे बटण देऊ नका. टेबल ७५ सें.मी. चे असेल तर लहानांसाठी पुढे एक पक्का पाट ठेवा.

प्रदर्शनाच्या दिवशी पिशवीत काय हवे?

सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, अल्कोहोल, जास्तीचे रेल-जॉइनर, कटर, बारीक कानस, बिजागरीचे दोन जास्तीचे खिळे (हेच हरवतात), इन्सुलेशन टेप, बॅटरी. आणि दुसरा माणूस, कारण जेवायला जावे लागते.

नंतर या सगळ्याचे काय करायचे?

वळणे आणि सरळ रूळ काढून खोक्यात. जोडावरचे कापलेले चार तुकडे मात्र फळ्यांवरच राहू द्या. पुढच्या वर्षी सर्वांत अवघड काम झालेले असेल. डोंगर पुठ्ठ्याचा आहे, ठेवायला जागा नसेल तर रद्दीत. फळ्या भिंतीला टेकवून नव्हे, आडव्या ठेवा, जोडाच्या बाजू एकमेकींकडे करून.